शिक्षकांचे पर्यवेक्षण: मुंबई इलाख्यापासून महाराष्ट्रापर्यंत

शाळेतील शिक्षकाच्या कामावर कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कशासाठी देखरेख ठेवावी, या प्रश्नाला महाराष्ट्रात गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. कधी ही देखरेख गावातील पालकांनी केली, कधी घोड्यावरून वा बैलगाडीतून फिरतीवर येणाऱ्या सरकारी निरीक्षकाने केली, कधी लोकनियुक्त मंडळाच्या सभासदांनी केली, तर अलीकडच्या काळात तिचा मोठा भाग संगणकावर भरायच्या माहितीने व्यापला. या बदलांची संगती लावताना दोन गोष्टी ठळकपणे समोर येतात. पहिली अशी की, शिक्षकाचे वेतन ज्याच्या हातून येते, त्याच्याच हाती देखरेखीची सूत्रे गेली आणि वेतनाचा स्रोत बदलला की देखरेखीची रीतही पालटली. दुसरी अशी की, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर शिक्षकाकडून कामाचा हिशेब घेणे आणि त्याला अध्यापनात मदत करणे, अशी दोन कामे प्रत्येक काळात एकत्रच सोपवली गेली. त्यांतील पहिले काम वरिष्ठांना कागदावर दाखवता येण्याजोगे असल्याने दुसरे सतत मागे पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखातील गावोगावच्या शाळा पंतोजी चालवीत असत. या शाळांना स्वतःची इमारत बहुधा नसे. देवळाच्या ओवरीत, एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर किंवा पंतोजीच्या घरीच त्या भरत. मोडी अक्षरे, अंक, उजळणी, पावकी-निमकीचे पाढे आणि व्यवहारी हिशेब एवढाच त्यांचा अभ्यासक्रम असे. पंतोजीची उपजीविका मुलांच्या पालकांनी दिलेल्या अल्प फीवर, धान्यावर, शिध्यावर आणि सणासुदीच्या देणग्यांवर चाले, त्यामुळे त्याला जाब विचारणारी सत्ताही पालकांचीच होती. मुलाला वाचता आणि हिशेब करता येऊ लागले की नाही, हे बाप घरी किंवा दुकानात बसून पाही आणि समाधान झाले नाही तर मुलाला शाळेतून काढून घेई. या व्यवस्थेत लेखी तपासणी, ठरलेली परीक्षा वा शेरा यांना स्थान नव्हते. तिच्यात शिक्षक उत्तरदायी होता हे खरे, परंतु तो केवळ फी देऊ शकणाऱ्यांनाच उत्तरदायी होता. ज्या जातींच्या मुलांना शाळेत प्रवेशच नव्हता आणि ज्या मुलींना तेथे कोणी पाठवत नव्हते, त्यांच्या शिक्षणाचा जाब विचारणारे या रचनेत कोणी नव्हते.

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये शिक्षणविषयक टिपण लिहिले आणि त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांतील कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागवण्यात आली. त्यानंतरच्या काही वर्षांत जमलेल्या आकड्यांनुसार मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी होते. ही कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. त्या पाहणीचा हेतू शिक्षकांवर अंमल बसवण्याचा नसला, तरी गावातील शाळा ही सरकारने मोजावी, तिची नोंद करावी आणि तिच्याविषयी अहवाल लिहावा अशी बाब आहे, ही कल्पना तिच्यामुळे प्रथमच रूढ झाली. याच काळात मुंबईत स्थापन झालेल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठी व गुजराती क्रमिक पुस्तके तयार केली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शिक्षकांचे पहिले गट शिकवून जिल्ह्यांच्या ठिकाणी पाठवले. ठरावीक पुस्तके, ठरावीक पद्धती आणि सोसायटीकडून मिळणारे ठरावीक वेतन यांमुळे हा नवा शिक्षक गावाच्या पंतोजीपेक्षा वेगळा ठरला. त्याने काय व कसे शिकवावे हे आता दूरच्या संस्थेने ठरवले होते, आणि तो तसे शिकवतो की नाही हे पाहण्यासाठी त्या संस्थेला आपला माणूस पाठवणे भाग होते.

ती व्यवस्था १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने उभी केली. बोर्डाने इलाख्याचे तीन शैक्षणिक विभाग पाडून प्रत्येकावर एक युरोपीय निरीक्षक आणि त्याच्या मदतीला एक एतद्देशीय अधिकारी नेमला. मराठी वाचकांना कोशकार व भाषांतरकार म्हणून परिचित असलेले मेजर थॉमस कँडी हे दख्खनच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे दक्षिण कोकणातील मराठी शाळांची तपासणी आणि मुंबईतील अध्यापकवर्गाचे, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे, संचालन ही दोन्ही कामे होती, त्यांच्यानंतर तो अध्यापकवर्ग व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी चालवला. या पिढीचे वैशिष्ट्य असे की, शाळा तपासणारी माणसेच क्रमिक पुस्तके लिहीत होती आणि नवे शिक्षकही घडवीत होती. शिक्षक कोठे अडतो हे तपासणीत दिसले, तर त्यावरचा उपाय पुस्तकात किंवा अध्यापकवर्गात करण्याची सोय त्यांच्याच हाती होती. शाळांची संख्या लहान होती म्हणूनच हे शक्य झाले, आणि संख्या वाढताच ही एकसंधता टिकली नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षणखाते, पुरेसा निरीक्षकवर्ग आणि खाजगी शाळांना तपासणीच्या अटीवर अनुदान या तीन गोष्टींचा आग्रह धरला. त्याप्रमाणे १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात बोर्डाची जागा शिक्षणखात्याने घेतली, सी. जे. अर्स्किन हे पहिले डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन झाले आणि त्यांच्यामागून ई. आय. हॉवर्ड आले. खात्याची उतरंड वरपासून खालपर्यंत तपासणीवरच रचलेली होती: डायरेक्टरच्या हाताखाली विभागाचे एज्युकेशनल इन्स्पेक्टर, त्यांच्या हाताखाली जिल्ह्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर आणि पुढे तालुक्यांसाठी त्यांचे मदतनीस. पैशाची व्यवस्था मात्र चाचपडत होती. गावकऱ्यांनी शिक्षकाचा निम्मा पगार द्यावा आणि निम्मा सरकारने द्यावा, अशा अर्ध-स्वावलंबी शाळांची योजना या सुमारास करून पाहिली गेली, पण ती नीट चालली नाही. अखेर १८६३ नंतर शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवून तिचा एक-तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी राखण्यात आला. शेतकऱ्याकडून वसूल झालेला पैसा आता सरकारी तिजोरीतून फिरून शिक्षकाच्या हाती पडू लागला. पैसा गावाचाच असला तरी तो देणारा हात सरकारचा झाल्याने शिक्षकाला जाब विचारण्याचा गावाचा हक्क या वळणावर लुप्त झाला.

खेड्यातील शिक्षकाच्या दृष्टीने या सगळ्या खात्याचे दृश्य रूप म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला लोकांच्या तोंडी ‘दिपोटी’ हे नाव पडले. पावसाळा सरल्यानंतर तो फिरतीवर निघे, मुक्कामाच्या गावाहून आसपासच्या शाळा पाही आणि बहुतेक शाळांच्या वाट्याला वर्षातून एकदाच येई. त्याचे मुख्य काम मुलांची परीक्षा घेण्याचे होते: प्रत्येक इयत्तेसाठी खात्याने ठरवलेल्या कसोट्यांनुसार वाचन, मोडी वाचन, शुद्धलेखन, कविता, अंकगणित आणि भूगोल या विषयांत मुलांची तपासणी करून किती उत्तीर्ण झाले हे तो नोंदवी. त्याबरोबर हजेरीपट, फीचा हिशेब, सामानाची यादी आणि इमारतीची स्थिती पाहून तो शेरेबुकात, म्हणजे शाळेत कायम ठेवलेल्या शेऱ्यांच्या वहीत, आपला अभिप्राय लिही. बढती, बदली आणि दंड या गोष्टी त्याच्या अहवालावर अवलंबून असल्याने शेरेबुकातील दोन ओळी शिक्षकाच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरत. शिक्षक प्रत्यक्ष कसा शिकवतो हे पाहण्यास या भेटीत क्वचितच अवसर मिळे, कारण तपासणीच्या दिवशी वर्गात शिकवत कोणीच नसे. परीक्षा घेणारा दिपोटी असे आणि मुलांइतकीच शिक्षकाचीही परीक्षा चाललेली असे.

या पद्धतीचे टोक म्हणजे फलानुसार अनुदान, अर्थात शाळेतील जितके विद्यार्थी निरीक्षकाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतील त्या प्रमाणात पैसे देण्याची रीत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने ती प्राथमिक शाळांना लागू केली होती, आणि स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड या कवी-समीक्षकाने तिच्यामुळे शिक्षण यांत्रिक होते अशी टीका सतत केली होती. मुंबई इलाख्यात ही रीत १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनुदानित खाजगी शाळांसाठी स्वीकारली गेली आणि पुढे जे. बी. पील यांच्या कारकिर्दीत देशी शाळांसाठीही तिचे सोपे नियम करण्यात आले. सरकारच्या दृष्टीने तिचे आकर्षण उघड होते: खाजगी शाळेच्या कारभारात न शिरता केवळ परिणाम मोजून पैसे देता येत होते. परंतु ज्या विषयांची परीक्षा होते तेवढेच घोकून घेणे आणि परीक्षेच्या दिवशी हुशार मुले हजर ठेवण्याची खटपट करणे, हे तिचे अपरिहार्य फळ होते. निरीक्षकाच्या भूमिकेवरही तिचा परिणाम झाला. ज्याच्या पेन्सिलीच्या खुणेवर शाळेचे उत्पन्न ठरते, त्याच्यापुढे शिक्षकाने आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडणे शक्य नव्हते.

या व्यवस्थेची मराठी मुलखातील सर्वांत मर्मग्राही चिकित्सा महात्मा जोतीराव फुले यांनी केली. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पद्यरचनेत त्यांनी खात्यातील शिक्षकवर्गाच्या जातीय पक्षपातावर हल्ला चढवला होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये, सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी पर्यवेक्षणाचाच स्वतंत्र विचार केला. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष आणि अपुरी आहे, दिपोटीच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीने फारसा लाभ होत नाही, शाळांची तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी आणि काही भेटी पूर्वसूचना न देता द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. महसुली व गावपातळीवरील अधिकाऱ्यांवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण त्यांना इतर कामांतून सवड मिळत नाही आणि ते आले तरी त्यांची परीक्षा वरवरची असते, असेही त्यांनी नोंदवले. अधूनमधून युरोपीय इन्स्पेक्टरने यावे ही त्यांची सूचना याच अविश्वासातून आली होती. शिक्षक आणि तपासणारा हे दोघेही बहुधा एकाच उच्चवर्णीय वर्गातून येत असल्याने शूद्रातिशूद्रांच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीची नोंद शेरेबुकात होणे दुरापास्त होते. शेतकऱ्यांच्या पट्टीवर चालणाऱ्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांचे काय होते, हे पाहणारा तटस्थ डोळा असावा, ही फुल्यांच्या मागणीतील खरी धार होती. त्याच निवेदनात शिक्षकांचे वेतन वाढवण्याची आणि शिक्षक शेतकरी वर्गातून निवडण्याची मागणीही होती, म्हणजे कडक तपासणी आणि चांगली सेवास्थिती या दोन गोष्टी त्यांनी परस्परविरोधी मानल्या नव्हत्या.

हंटर आयोगाने प्राथमिक शाळांची तपासणी शक्यतो त्या त्या शाळेत जाऊनच करावी, निरीक्षक म्हणून एतद्देशीयांना अधिक संधी द्यावी आणि मुलींच्या शाळांसाठी स्त्री-निरीक्षक नेमाव्यात, अशा शिफारशी केल्या. त्याच वेळी लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानुसार मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये जिल्हा व तालुका लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा आर्थिक भार बोर्डांवर व नगरपालिकांवर आला. तपासणी मात्र शिक्षणखात्याकडेच राहिली. लॉर्ड कर्झन यांच्या काळात १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने फलानुसार अनुदानाची रीत सदोष ठरवली आणि ती हळूहळू बंद झाली. निरीक्षकाने केवळ परीक्षा न घेता शिक्षकाला अध्यापनपद्धतीविषयी सल्ला द्यावा, अशी भाषा या वळणानंतर सरकारी कागदपत्रांत नियमितपणे दिसू लागते. पण दिपोटीच्या वाट्याला येणाऱ्या शाळांची संख्या वाढतच गेल्याने त्या सल्ल्यासाठी लागणारा वेळ त्याला मिळाला नाही.

द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हा विषय १९२१ पासून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आला आणि १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने पर्यवेक्षणाचा इतिहास एका वेगळ्या दिशेला नेला. या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे आणि मोठ्या नगरपालिका यांनी निवडलेल्या स्कूल बोर्डांकडे प्राथमिक शाळांचा कारभार, शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या आणि देखरेख करणारा नोकरवर्गही सोपवला गेला. बोर्डाचा प्रमुख कार्यकारी अधिकारी ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर’, म्हणजे प्रशासन अधिकारी, हाही बोर्डाचाच नोकर झाला. लोकशाहीच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होता, परंतु शिक्षकाची नेमणूक व बदली ज्यांच्या हाती आली ते निवडणुकीच्या राजकारणातील लोक होते, आणि तपासणी करणारा अधिकारीही त्यांच्याच मर्जीवर अवलंबून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण अशा स्थानिक बोर्डांकडे सोपवण्यास स्पष्ट विरोध केला, कारण त्या बोर्डांत वरिष्ठ जातींचे वर्चस्व असल्याने अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची हानी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांना पैसे न देण्याचा ठराव मुंबई सरकारने १९२३ मध्ये केला होता, पण असा ठराव अमलात येतो की नाही हे अखेर शाळेत जाऊन पाहणाऱ्यावरच अवलंबून होते. फुले आणि आंबेडकर यांच्या या भूमिकांवरून असे दिसते की, दूरच्या सरकारची तपासणी ही शोषितांना केवळ दडपणाचे साधन वाटत नव्हती. जवळच्या बलिष्ठांपासून संरक्षण म्हणून ते तिच्याकडे पाहत होते.

सायमन आयोगाला जोडून नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ मध्ये प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगिती, म्हणजे मुलांनी मध्येच शाळा सोडणे आणि एकाच वर्गात अडकून राहणे, या दोन दोषांकडे लक्ष वेधले आणि त्यांच्या कारणांत निरीक्षकवर्गाची अपुरी संख्या व स्थानिक संस्थांकडे सोपवलेला अनिर्बंध कारभार यांचाही समावेश केला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्रशासन अधिकारी आणि तपासणी करणारा वर्ग पुन्हा सरकारी नियंत्रणाखाली आणला. स्वातंत्र्याच्या वर्षीच झालेल्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, १९४७ याने हीच विभागणी पक्की केली: स्कूल बोर्डे चालू राहिली, पण शिक्षकांची तपासणी खात्याच्या माणसांकडे राहिली. या काळातील मूलभूत एकक म्हणजे ‘बीट’, अर्थात एका साहाय्यक उपशिक्षण निरीक्षकाकडे सोपवलेला शाळांचा गट. सक्तीच्या शिक्षणाबरोबर एकशिक्षकी शाळा वाड्यावस्त्यांवर पोहोचल्या, पटनोंदणी आणि हजेरी हे सरकारच्या यशाचे माप बनले, आणि तपासणीतही विद्यार्थ्याला किती येते यापेक्षा पटावर किती व हजर किती हा प्रश्न पुढे आला.

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन आयोगांनी तपासणीच्या तत्त्वाचाच पुनर्विचार केला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांची तपासणी वरवरची आणि धाकदपटशाची होते असे सांगून निरीक्षकाने शैक्षणिक सल्लागार व्हावे आणि शाळेचे अध्यापन अनुभवी शिक्षक व मुख्याध्यापक असलेल्या तज्ज्ञमंडळाने पाहावे, असे सुचवले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने त्यापुढे जाऊन प्रशासन आणि पर्यवेक्षण हीच दोन अंगे वेगळी करण्याची शिफारस केली: वेतन, बदली, इमारत आणि शिस्त पाहणारी यंत्रणा एक असावी आणि शिक्षकाला अध्यापनात मार्गदर्शन करणारी यंत्रणा दुसरी असावी. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचा गट करून त्यांनी एकमेकांना मदत करावी, ही ‘शाळा संकुला’ची कल्पनाही याच आयोगाची. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. भारतीय शिक्षणाच्या इतिहासाचे ते स्वतः अभ्यासक असल्याने एकाच अधिकाऱ्याकडून दोन्ही कामे होत नाहीत, या निष्कर्षामागे शंभर वर्षांच्या अहवालांचा आधार होता.

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष घडामोडी मात्र निराळ्या वाटेने गेल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि तेथील ग्रामीण प्राथमिक शाळा जनपद सभा चालवीत. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना तेथील शाळा थेट सरकारच्या होत्या आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याला ‘मोहतमीम तालीमात’ म्हणत. मुंबई इलाख्याची आणि या दोन, अशा तीन परंपरा एकत्र आणण्याचे काम १९६१ च्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कायद्याने केले. १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या, जिल्ह्यात शिक्षणाधिकारी आणि तालुक्यात पंचायत समितीच्या अखत्यारीत शिक्षण विस्तार अधिकारी आले. प्रशासन व पर्यवेक्षण वेगळे होण्याऐवजी या रचनेत ते अधिक घट्ट बांधले गेले. विस्तार अधिकारी शाळेत येई तो टाचणवही, म्हणजे शिक्षकाने पाठाच्या तयारीसाठी लिहिलेली नोंद, पाही, एखादा पाठ ऐके आणि शेरा लिही. पण त्याचबरोबर पटपडताळणी, शिष्यवृत्त्या, बांधकाम, शालेय पोषण आहार, निवडणूक आणि जनगणनेची कामे यांचाही तोच अधिकारी होता. दुसरीकडे शिक्षकांच्या संघटना बळकट झाल्या आणि जिल्हा परिषदेच्या राजकारणात शिक्षकाला वजन आले. प्रतिकूल शेऱ्याची धार बोथट झाली, आणि शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे हा साधा नियमही घरभाड्याच्या दाखल्यापुरता उरला. माध्यमिक शाळांत खाजगी संस्थाचालकांच्या मनमानीपासून शिक्षकांना संरक्षण देण्यासाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आली. तिने गोपनीय अहवाल लिहिण्याची आणि प्रतिकूल शेरा शिक्षकाला कळवण्याची रीत नियमबद्ध केली, त्यामुळे मूल्यमापन एकतर्फी राहिले नाही, परंतु ते सेवानोंदीचा भाग बनून अध्यापनापासून आणखी दूर गेले.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या आणि शिक्षकाला मदत करणारी वेगळी यंत्रणा प्रथमच जिल्हापातळीवर उभी राहिली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने शाळांची केंद्रे पाडून केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले. सरासरी १० प्राथमिक शाळांमागे एक केंद्र, अशा रीतीने राज्यात ४,८०० हून अधिक केंद्रे झाली. केंद्रप्रमुखाने शाळांना वारंवार भेटी द्याव्यात, आदर्श पाठ घ्यावेत आणि शिक्षकांना दर महिन्याला एकत्र आणून शिक्षण परिषद भरवावी, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद या तत्कालीन नावांच्या जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने, आणि त्यानंतर सर्व शिक्षा अभियानाने, गटपातळीवर साधनव्यक्ती व विषयतज्ज्ञ आणले. दिपोटीच्या शंभराहून अधिक वर्षांत न घडलेली गोष्ट, म्हणजे शाळेपासून काही किलोमीटरांच्या अंतरावर राहणारा आणि वर्गात बसून पाठ पाहू शकणारा सहायक, येथे कागदावर तरी सिद्ध झाली. पण केंद्रप्रमुखाला वेतन देणारी यंत्रणा त्याच्याकडे माहिती मागणारीही होती, त्यामुळे शाळांकडून तक्ते गोळा करून वर पाठवणे हेच त्याचे रोजचे काम बनले, आणि पुढे अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार आला.

तपासणीचे काही महत्त्व उरले आहे का, या प्रश्नावर एक ठोस पुरावा २००३ मध्ये मिळाला. मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देऊन शिक्षकांची उपस्थिती मोजली, तेव्हा देशात सुमारे एक-चतुर्थांश शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहणी केलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. ज्या शाळांची नजीकच्या काळात तपासणी झाली होती तेथे गैरहजेरी कमी होती, असेही या अभ्यासात दिसले. न कळवता भेटी द्याव्यात, ही फुल्यांची १८८२ मधील सूचना अशा रीतीने संशोधनाच्या पद्धतीनेच खरी ठरली. परंतु शिक्षक वर्गात हजर असणे आणि मुलांना वाचता येणे यांत अंतर आहे; ‘प्रथम’ संस्थेच्या २००५ पासूनच्या ‘असर’ पाहण्यांनी घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावले आणि ते अंतर लोकांसमोर आणले. शिक्षकाच्या कामाचा हिशेब मागणारा खात्याबाहेरचा घटक या पाहण्यांमुळे प्रथमच प्रभावी झाला.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने गावाला देखरेखीत पुन्हा स्थान दिले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरले, शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे कर्तव्य झाले, आणि नियमित व वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे ही शिक्षकाची कर्तव्ये प्रथमच कायद्याने लिहिली गेली. पंतोजीच्या काळातील पालक आणि हा पालक यांत एक निर्णायक भेद आहे: पूर्वीचा पालक वेतन देत होता, आजचा देत नाही. म्हणूनच समितीचा ठराव शिक्षकाच्या सेवेवर क्वचितच परिणाम करतो आणि समितीचे बळ बहुधा शिक्षकाच्या सदिच्छेवर अवलंबून राहते. २०१५ पासून ‘सरल’ ही संगणकीय नोंदप्रणाली, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातील चाचण्या आणि ‘शाळासिद्धी’तील स्वयंमूल्यमापन यांनी प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती राज्यपातळीवर नेली. फलानुसार अनुदानाच्या काळात निकालावर पैसा ठरत होता, आता निकालावर शाळेची प्रतवारी ठरू लागली, आणि आकडे चांगले दाखवण्याचा जुना मोहही त्याबरोबर परत आला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली आणि शाळा चालवणारी व शाळांवर नियमन ठेवणारी यंत्रणा वेगवेगळी असावी असे सुचवले. कोठारी आयोगाची शिफारस अर्ध्या शतकाहून अधिक काळ अमलाविना राहिल्याची ही एक प्रकारे कबुलीच आहे. दोनशे वर्षांच्या अनुभवावरून हिशेब घेणारी तपासणी अनावश्यक ठरत नाही. शाळेपासून आणि सत्तेपासून दूर राहिलेल्या समूहांना तिची गरज सर्वांत अधिक होती, हे फुले व आंबेडकर यांच्या निवेदनांतून स्पष्ट होते, आणि न कळवता दिलेल्या भेटीचे मोलही आकड्यांनी सिद्ध केले आहे. मात्र शाळांची संख्या वाढल्यानंतर शिक्षकाला शिकवण्यात मदत करण्याचे काम जेव्हा जेव्हा हिशेब घेणाऱ्याच्याच गळ्यात घातले गेले, तेव्हा तेव्हा ते वाया गेले. बाळशास्त्रींच्या पिढीत ते साधले, कारण शाळा थोड्या होत्या आणि तपासणारा स्वतः शिक्षक घडवत होता. शाळांचा पसारा आता त्या प्रमाणात कधीच परतणार नाही, तेव्हा मार्गदर्शकाला माहिती-संकलनाच्या व शिस्तभंगाच्या कामांतून मोकळे करणे, त्याच्याकडे मोजक्या शाळा देणे आणि त्याच्या वर्गभेटीची नोंद शिक्षकाच्या सेवापुस्तकापासून अलग ठेवणे, या तीन गोष्टींवाचून केंद्रप्रमुखाचे पदही दिपोटीच्याच मार्गाने जाईल.